दोन गिझर, एक लाइन: चेंजओव्हर स्विचबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत घर गरम करायची वेळ येत नाही. इथे हीटिंग म्हणजे अंघोळीचं पाणी. दोन बाथरूम, दोन गिझर आणि दोन्ही एकदम झेपणार नाहीत अशी लाइन, ही घराघरातली अडचण आहे. त्यावरचा स्वस्त आणि टिकाऊ उपाय म्हणजे दोन पोलचा, म्हणजे दोन्ही वायरी एकदम तोडणारा-जोडणारा चेंजओव्हर स्विच. एका वेळी एकच गिझर चालेल, दुसरा फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून पूर्ण तुटलेला राहील.

आमच्याकडे चेंजओव्हरची गरज आहे का, हे कसं ओळखायचं?

सकाळचा हिशोब मांडा. 230 व्होल्टवर 2 किलोवॅटचा गिझर 8.7 अँपिअर घेतो आणि 3 किलोवॅटचा 13 अँपिअर. दोन्ही बाथरूममध्ये 3 किलोवॅटचे गिझर असतील तर तिथेच 26 अँपिअर झाले. बेडरूमचा दीड टनी एसी 7, इस्त्री 4, चहाची इलेक्ट्रिक किटली 6 ते 7. बेरीज 44 अँपिअरच्या आसपास जाते आणि मेन एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, असतो 32 चा.

गोंधळ होतो तो इथे. एमसीबी लगेच पडत नाही. थोडा जास्त करंट तो बराच वेळ सहन करतो, आतली पट्टी तापली की मग पडतो. त्यामुळे कोणीतरी डोक्याला शाम्पू लावलेला असतानाच लाइट जाते आणि खापर गिझरवर फुटतं. गिझर चांगला असतो, बेरीज चुकलेली असते.

त्यापेक्षा लोड वाढवून घेणं सोपं नाही का?

घरातली आणि मीटरपासून घरापर्यंतची वायर जाड असेल तर जरूर वाढवा. बेस्ट, अदानी, टाटा किंवा महावितरण, तुमच्या भागात जी कंपनी असेल तिच्याकडे मंजूर भार वाढवण्याचा अर्ज करता येतो. पण गिरगाव, दादर, परळच्या जुन्या इमारतींत मीटर रूमपासून वर येणारी वायरच बारीक असते आणि ती बदलायला अख्खी सोसायटी राजी व्हावी लागते. तोपर्यंत चेंजओव्हर हाच शहाणा मार्ग.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका: 32 चा मेन एमसीबी काढून तिथे 40 किंवा 63 चा बसवणं. एमसीबी वायरला वाचवायला असतो. तो मोठा केला की एमसीबी पडणं थांबतं आणि भिंतीतली वायर तापायला लागते.

नुसता फेज बदलणारा एक पोलचा स्विच का नको? तो स्वस्त असतो.

एक पोलने काम होतं असं दिसतं, कारण पाणी तापतं. अडचण नंतर येते.

न्यूट्रल दोन्ही गिझरना कायम जोडलेला राहिला तर ‘बंद’ गिझर खरा बंद नसतो. त्याच्या हीटिंग एलिमेंटमध्ये पाणी शिरून न्यूट्रल टाकीच्या धातूला, म्हणजे अर्थिंगला टेकला, की फेज तोडलेला असूनही आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून लाइन तोडणारा स्विच, पडतो. मग घरातले चालू गिझर तपासत बसतात आणि दोषी असतो तो बंद ठेवलेला.

दुसरं कारण अधिक गंभीर आहे. जुन्या इमारतींत कुठेतरी दुरुस्ती करताना फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले जाणं नवं नाही. तसं झालेलं असेल तर एक पोलचा स्विच न्यूट्रल तोडतो आणि फेज थेट गिझरमध्ये पोहोचलेला असतो. स्विच बंद, दिवा बंद, आणि प्लंबर झाकण उघडून हात घालतो. दोन पोलचा स्विच या चुकीतही दोन्ही वायरी तोडतो. म्हणून पाण्याशी संबंधित कुठल्याही उपकरणाला आम्ही एक पोलचा चेंजओव्हर सुचवत नाही.

दुकानात नेमकं काय मागायचं?

लोहार चाळीत किंवा जवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात असं सांगा: 32 अँपिअर, दोन पोल, तीन पोझिशन, 1-0-2, मध्ये ऑफ. दोन प्रकार मिळतात. एक डीबीच्या, म्हणजे एमसीबींच्या डब्याच्या, पट्टीवर बसणारा, एमसीबीसारखा दिसणारा. दुसरा गोल मुठीचा रोटरी. दोन्ही चालतात. डीबीत चार मॉड्यूलची (चार एक पोलच्या एमसीबींइतकी) जागा असेल तर पहिला नीटनेटका बसतो. वेगळ्या बॉक्समध्ये लावायचा असेल तर रोटरी बरा, कारण मूठ कुठल्या बाजूला आहे ते लांबूनही दिसतं.

घेताना अंगावर छापलेलं वाचा. आयएस/आयईसी 60947-3 हे मानक आणि एसी-22ए किंवा एसी-23ए हा वर्ग हवा. एसी-21ए हा निव्वळ हीटरसारख्या लोडसाठी पुरतो, पण एसी-22ए घेतलेला बरा. ‘1-2’ असा मध्ये ऑफ नसलेला स्विच नको. काही रोटरी स्विचमध्ये एका पोझिशनला दोन्ही बाजू एकदम चालू होतात, तोही नको. आपल्याला नेमकं तेच टाळायचं आहे.

आणखी एक महत्त्वाचं. एमसीबीसारखा दिसतो म्हणून तो एमसीबी होत नाही. पट्टीवर बसणारे बहुतेक चेंजओव्हर नुसते आयसोलेटर असतात. ओव्हरलोड किंवा शॉर्ट झाला तर ते पडत नाहीत. त्यांच्या आधी वेगळा एमसीबी लागतोच.

वायर किती जाडीची, एमसीबी कितीचा?

दोन्ही गिझर 2 किलोवॅटचे असतील तर अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि 16 अँपिअरचा एमसीबी पुरतो. 3 किलोवॅटचा गिझर असेल तर चार एमएमची वायर वापरा. एमसीबी 30 अंश सेल्सिअसला मोजून बनवलेला असतो; मे महिन्यात बंद डीबीच्या आत त्याहून बरीच गरमी असते आणि तो छापलेल्या आकड्याच्या आधीच पडू शकतो. म्हणून चार एमएमवर 20 चा एमसीबी ठीक, पण एका अटीवर: गिझर 20 अँपिअरच्या डीपी (दोन पोलच्या) स्विचमधून थेट जोडलेला हवा. तो 16 अँपिअरच्या प्लगवर असेल तर एमसीबीही 16 चाच ठेवा, नाहीतर सॉकेट वितळेल तरी एमसीबी शांत बसेल.

4.5 किलोवॅटचा इन्स्टंट गिझर जवळजवळ 20 अँपिअर खेचतो. त्याला 25 चा एमसीबी आणि किमान चार एमएमची वायर लागते, प्लग चालत नाही. एक इन्स्टंट आणि एक साधा अशी जोडी एकाच चेंजओव्हरवर ठेवायची तर साध्या गिझरच्या बाजूला त्याचा स्वतंत्र 16 चा एमसीबी घाला.

जुन्या घरात ॲल्युमिनियमची वायर सापडली तर तिला तांब्याची वायर पीळ देऊन जोडू नका. समुद्राच्या खाऱ्या दमट हवेत तो जोड आतून खाल्ला जातो. डीबीपासून नवी तांब्याची वायर ओढा.

जोडणी कशी करायची?

क्रम असा: डीबीतला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, मग गिझरचा एमसीबी, मग चेंजओव्हर, मग दोन वाटा, आणि प्रत्येक वाटेवर बाथरूमबाहेरचा 20 अँपिअरचा डीपी स्विच.

मेन बंद करा. नुसता टेस्टर लावून खात्री करू नका. चालू पॉइंटवर टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला बल्ब) पेटतो का ते पाहा, मग बंद केलेल्या वायरीवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ असा दोन्हीकडे लावा, आणि पुन्हा चालू पॉइंटवर लावून लॅम्प शाबूत असल्याचं बघा.

चेंजओव्हरच्या बॉक्समध्ये नऊ वायरी येतात. आत येणाऱ्या तीन: लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवी अर्थ. बाहेर जाणाऱ्या दोन्ही जोड्यांत पुन्हा तीन-तीन. येणारा फेज पहिल्या पोलच्या कॉमनला, येणारा न्यूट्रल दुसऱ्या पोलच्या कॉमनला. पोझिशन 1 चे दोन संपर्क पहिल्या बाथरूमला, पोझिशन 2 चे दुसऱ्या. प्रत्येक गिझरचा फेज आणि न्यूट्रल याच स्विचमधून गेला पाहिजे, इतर कुठल्याही पॉइंटवरून उसना घेतलेला न्यूट्रल चालणार नाही.

तिन्ही हिरव्या वायरी एका अर्थ टर्मिनलवर एकत्र कसा. बॉक्स धातूचा असेल तर त्यालाही चौथी हिरवी वायर द्या. अर्थिंग स्विचमधून कधीच न्यायची नाही. स्विच कुठेही असला तरी दोन्ही टाक्या कायम अर्थशी जोडलेल्या हव्यात.

वायरीचं टोक सोलताना तेवढंच सोला जेवढं टर्मिनलमध्ये जातं, साधारण 10 ते 12 मिलिमीटर. टोकाला पिन थिंबल (धातूची छोटी टोपी) दाबून बसवा. मल्टीस्ट्रँड वायरीचे बारीक तंतू स्क्रूखाली पसरतात, काही बाहेर राहतात आणि उरलेल्यांवर सगळा करंट येतो. थिंबल नसेल तर पीळ देऊन टोक दुमडा आणि मग कसा. इन्सुलेशन स्क्रूखाली सापडलं तर स्क्रू घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण धरतो प्लास्टिकला. प्रत्येक वायर कसल्यावर हाताने ओढून बघा.

स्विचवरचे आकडे कळत नाहीत. कॉमन कुठला?

प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असते. रोटरी स्विचच्या खोक्यावर किंवा बाजूला तक्ता छापलेला असतो: आडव्या ओळीत 1, 0, 2 आणि उभ्या रांगेत 1-2, 3-4, 5-6, 7-8 असे संपर्क. ज्या चौकटीत फुली, तो संपर्क त्या पोझिशनला जुळतो. दोन पोलच्या चेंजओव्हरमध्ये असे चार संपर्क असतात आणि दोन-दोन संपर्कांची एकेक बाजू छोट्या पट्टीने जोडून कॉमन बनवलेला असतो. ती पट्टी काही स्विचमध्ये कारखान्यातूनच येते, काहींत तुम्हाला वायरीचा तुकडा घालावा लागतो. तो तुकडाही मुख्य वायरीइतक्याच जाडीचा हवा.

छापील तक्त्यावर थांबू नका. स्विच हातात असतानाच मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि तिन्ही पोझिशन तपासा. 1 ला कोण कोणाशी वाजतं, 0 ला काहीच वाजत नाही ना, 2 ला काय होतं. कागदावर लिहा. दोन मिनिटांचं काम आहे.

चालू करण्याआधी काय तपासायचं?

दोन्ही गिझर सोडवून ठेवा, कारण जोडलेला 2 किलोवॅटचा एलिमेंट फेज-न्यूट्रलमध्ये साधारण 26 ओहम दाखवतो आणि मीटरला तो शॉर्टसारखा भासतो. मग प्रत्येक पोझिशनला फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असं तपासा. वायरमनकडे मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) असेल तर 500 व्होल्टवर इन्सुलेशन किमान 1 मेगओहम आलं पाहिजे. नव्या वायरिंगला याहून कितीतरी जास्त येतं. मेगर लावताना आरसीसीबी आणि इंडिकेटर सोडवलेले हवेत.

नंतर लाइन द्या. गिझरच्या पॉइंटवर फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज-अर्थही जवळजवळ तितकेच, न्यूट्रल-अर्थ फार तर दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थ नीट येत नसेल तर अर्थिंग तुटलेलं आहे आणि गिझर जोडायचा नाही. शेवटी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा.

पोझिशन 1 ला सगळं ठीक, 2 ला फिरवलं की आरसीसीबी पडतो. का?

दहातल्या बहुतेक वेळा दुसऱ्या गिझरचा न्यूट्रल उसना असतो. जुन्या वायरिंगमध्ये बाथरूमचा न्यूट्रल लाइट-पंख्याच्या लूपमधून घेतलेला असतो आणि नवा फेज मात्र चेंजओव्हरमधून. मग 8.7 अँपिअर आरसीसीबीच्या फेजमधून जातात आणि त्याच्या न्यूट्रलमधून परत येत नाहीत. आरसीसीबी फक्त गेलेला आणि आलेला करंट यांतला फरक बघतो. 30 मिलिअँपिअरला पडणाऱ्या यंत्राला 8,700 मिलिअँपिअरचा फरक दिसतो, तो क्षणात पडणारच. आरसीसीबी बदलू नका, न्यूट्रल शोधा.

लगेच न पडता पाच-दहा मिनिटं तापल्यावर पडत असेल तर मात्र एलिमेंटवर संशय घ्या. त्याच्या बारीक भेगेतून आतल्या पांढऱ्या भुकटीत ओल शिरते आणि गळती वाढते. गिझर सोडवून, त्या जागी इस्त्री लावून बघा. इस्त्रीवर पडत नाही, गिझरवर पडतो, तर दोष गिझरचा.

स्विचजवळ जळका वास येतो, पण एमसीबी पडत नाही.

स्क्रू सैल आहे. ताबडतोब 0 ला न्या आणि एमसीबी बंद करा.

एमसीबीला हा दोष दिसतच नाही, कारण करंट वाढलेला नसतो. 13 अँपिअरचा वर्ग 169. सैल जोडात फक्त 0.1 ओहम अडथळा आला तरी त्या एका स्क्रूखाली जवळजवळ 17 वॉट उष्णता तयार होते. लहान सोल्डरिंग आयर्न एवढी, आणि ती प्लास्टिकच्या बंद डबीत. उघडल्यावर टर्मिनलजवळचं प्लास्टिक तपकिरी, वायरीचं इन्सुलेशन कडक आणि तांबं काळपट दिसतं. असं टोक पुन्हा कसून उपयोग नाही. चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर कापा, नवं थिंबल लावा, आणि टर्मिनलचा रंग गेला असेल तर स्विच बदला. एकदा तापलेल्या धातूची पकड परत येत नाही.

बंद बाजूचा इंडिकेटर मंद का पेटतो?

लांबवर शेजारून धावणाऱ्या चालू वायरीमुळे तुटलेल्या वायरीवर थोडा व्होल्टेज चढतो. एलईडी इंडिकेटरला तेवढा पुरतो. टेस्ट लॅम्प लावल्यावर तो विझला आणि लॅम्प पेटला नाही, तर काळजी नाही. लॅम्प पेटला, तर संपर्क चिकटलेला आहे.

गिझर तापत असताना स्विच फिरवला तर?

योग्य वर्गाचा स्विच ते सहन करतो. पण रोज तसं केल्यास संपर्कांवर ठिणगीचे डाग पडतात. आधी बाथरूमचा डीपी स्विच बंद, मग चेंजओव्हर, मग दुसरीकडचा चालू, ही सवय घरात सगळ्यांना लावा. मूठ एका दमात फिरवा, अर्ध्यावर थांबवू नका. मुठीभोवती मराठीत ठसठशीत लिहून ठेवा: ‘आतलं बाथरूम – बंद – बाहेरचं बाथरूम’. 1 आणि 2 फक्त बसवणाऱ्याच्याच लक्षात राहतं.

स्विच कुठे बसवायचा?

बाथरूमच्या आत नाही. पॅसेजमध्ये, छातीच्या उंचीवर, गॅसच्या शेगडीपासून आणि बेसिनपासून दूर. पाऊस मारणाऱ्या ड्राय बाल्कनीत दुसरा पर्याय नसेल तर आयपी 65 चा बॉक्स घ्या आणि वायरी खालून आत न्या. वरून घातलेल्या पाइपमधून भिंतीची ओल थेट टर्मिनलवर उतरते.

एक पाणी तापलं की दुसरं कधी? सकाळी सगळ्यांना घाई असते.

25 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला साधारण 1 युनिट वीज लागते. म्हणजे 2 किलोवॅटच्या गिझरला अर्धा तास, 15 लिटरच्याला 18-20 मिनिटं. बंद केल्यावरही चांगल्या टाकीतलं पाणी काही तास गरम राहतं. पहाटे लवकर उठणाऱ्याने एक तापवून स्विच फिरवला की साडेसहापर्यंत दोन्ही टाक्या तयार असतात.

हाच स्विच उलटा लावून गिझर इन्व्हर्टरवर चालवता येईल?

उलटा लावता येतो, म्हणजे दोन सोर्स आणि एक लोड. पण गिझर इन्व्हर्टरवर नको. 2 किलोवॅटसाठी 12 व्होल्टच्या बॅटरीतून 170 अँपिअरहून जास्त करंट ओढावा लागेल. घरगुती इन्व्हर्टर लगेच ओव्हरलोडला जाईल.

सोसायटीच्या जनरेटरसाठी चेंजओव्हर असेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटलेच पाहिजेत आणि आधी तुटून मग जुळणारा स्विचच हवा. दोन्हीकडे पिना असलेली वायर सॉकेटमध्ये घालून घरात करंट सोडणं हा गुन्ह्याइतका धोकादायक प्रकार आहे. तो करंट मीटरमधून उलटा बाहेर जातो आणि लाइन बंद समजून काम करणाऱ्या माणसाच्या हातात पोहोचतो.

आमचं थ्री फेज मीटर आहे. फोर पोल घ्यावा का?

तिन्ही फेज बदलायचे असतील तर हो, आणि इथे न्यूट्रलचा पोल खास लागतो: जुळताना सर्वांत आधी, तुटताना सर्वांत शेवटी. फेज जोडलेले असताना न्यूट्रल सुटला तर घरातल्या सिंगल फेज वस्तूंवर 230 च्या जागी 400 च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतो. टीव्ही, फ्रिज, राउटर एका झटक्यात जातात. त्यामुळे दोन टू पोल स्विच शेजारी लावून फोर पोलचं काम भागवू नका.

एक फेज गेल्यावर गिझर दुसऱ्या फेजवर घेण्यासाठी जो फेज सिलेक्टर लावतात, तो वेगळा. त्यात न्यूट्रल एकच राहतो. फक्त दोन फेज क्षणभरही एकमेकांना टेकणार नाहीत असाच घ्या.

हे काम स्वतः करू का?

स्विचची मांडणी समजून घेणं, मल्टिमीटरने तपासणं, लेबल लावणं जरूर करा. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि वरचे प्रश्न त्याला विचारा; काम येणारा माणूस चिडत नाही. मीटरच्या सीलबंद बाजूला कोणीच हात लावायचा नाही, तो भाग वीज कंपनीचा.

नंतर देखभाल काय?

पहिल्या महिन्यानंतर लाइन बंद करून सगळे स्क्रू एकदा कसा. तांब्याचे तंतू दाबाखाली बसतात आणि स्क्रू थोडा ढिला होतो. मग दर वर्षी पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या साफसफाईबरोबर. स्क्रूवर हिरवट थर दिसला तर बॉक्समध्ये दमट हवा शिरते आहे, ग्रोमेट, म्हणजे वायरीच्या भोकातलं रबरी कडं, बदला. गणपतीला गावी जाताना स्विच 0 ला आणि गिझरचा एमसीबीही खाली.